फळीची खोळ

४ फेब्रुवारी

आई,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, इथे सगळे धडधाकट आहेत. फोन करत नाही त्याला कारण आहे. आमचं घर दोन खोल्यांचं, मी "हॅलो आई" म्हटलं की तुमचे चिरंजीव कान टवकारतात. शिवाय लाँड्रीत मशीन चालू असलं की तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता.

मुद्द्यावर येते. ढब्बू पाण्यात उतरत नाही. गेल्या थंडीत लाटेने त्याला खाली दाबून धरलं, नवा सर्फबोर्ड मधोमध मोडला, खांदा निखळला, हे तुम्हाला माहीत आहे. खांदा कधीच बरा झालाय. डॉक्टर म्हणतात, पोहा, खेळा, काय हवं ते करा. पण हा भाड्याने बोर्ड देण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसतो, लोकांना पाण्यात पाठवतो आणि स्वतः वाळूवरसुद्धा चपला घालून चालतो. गिऱ्हाइकाने विचारलं, "आज समुद्र कसा आहे हो?" तर मान वर न करता म्हणतो, "मला काय माहीत." समुद्र समोर असतो, आई! पूर्वी हा माणूस मला न उठवता पहाटे पळायचा म्हणून मी भांडायचे. आता उशिरापर्यंत शेजारी झोपलेला दिसला की मला रडू येतं. मला माझा नवरा परत हवाय.

तुमच्या लाँड्रीत मागच्या दांडीमागे त्याचा पहिला बोर्ड उभा आहे ना, पहिल्या पगारातून घेतलेला, पिवळा? तो पाठवाल का? पण त्याला न सांगता. नव्या बोर्डाचं नाव काढलं की तो उठून जातो. त्या पिवळ्याचा विषय निघाला तर मात्र अजून चेहरा खुलतो. इथे शेजारी बोर्ड दुरुस्त करणारे काका आहेत, ते म्हणतात पहिल्या बोर्डाला माणूस नाही म्हणू शकत नाही.

फक्त उघडा पाठवू नका, वाटेत टोक फुटेल. त्याला बॅग घ्यावी लागेल, खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात मिळते. तीन प्रकार असतात. एक मोजा, म्हणजे नुसतं ताणणारं कापड, घरात ओरखडे पडू नयेत म्हणून. दुसरी रोजची, पातळ फोमची, गाडीच्या टपावरून किनाऱ्यावर न्यायला. तिसरी प्रवासाची, जाड फोमची, टोकाला नि शेपटीला दुहेरी. आपल्याला तिसरी हवी. उत्तर दुरुस्तीवाल्या काकांच्या पत्त्यावर पाठवा, म्हणजे ह्याच्या हाती लागणार नाही.

तुमची सून


११ फेब्रुवारी

सूनबाई,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी शंका.

तिसरी हवी म्हणतेस ते कळलं. पण फळीला मोजा कशाला घालतात हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरत नाही. पुन्हा पुन्हा वाचलं. रोजची, प्रवासाची, घरची! माणसाला एक धड कोट मिळायची मारामार आणि फळीला तीन-तीन.

तरी दुकानात जाऊन आले. तिथली विक्रेती फार गोड बोलत होती, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला. म्हणाली, "शॉर्टबोर्ड की लाँगबोर्ड?" मी म्हटलं, "मुलाचा." म्हणाली, "टोक गोल की निमुळतं? शेपूट कशी आहे? खालचे फिन निघतात का?" मी म्हटलं, बाई गं, मी फळीला खोळ घ्यायला आलेय, तिला सून करून घ्यायला नाही. मग तिने मापं विचारली. मापं मी टेपने घेतली होती, उंची आणि कंबर. तिला जाडीही हवी होती. पँटला जाडी नसते, मला काय ठाऊक? हात हलवत परत आले.

आता खरं बोलते. तुला राग येईल, येऊ दे. ढब्बू पाण्यात जात नाही हे वाचून मला बरं वाटलं. तो समुद्राकाठी राहायला गेल्यापासून मी सुखाने घास गिळलेला नाही. जरा वारा सुटला की माझा जीव टांगणीला. आणि तू म्हणतेस, मीच ती फळी खोळीत घालून पाठवू? म्हणजे आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेऊ? शिवाय तो अपघातानंतर एकदाही इकडे फिरकलेला नाही. आई जिवंत आहे का, हे त्याला तुझ्याकडूनच कळत असेल.

दुसरं म्हणजे दुकानाचा नियम. माझ्याकडे ज्याने कपडा टाकला त्यालाच तो मिळतो. नवऱ्याचा कोट बायकोला देत नाही, भावाचा भावाला देत नाही. एकदा दिला होता, त्यावरून दोन घरांत अबोला झाला. फळी ढब्बूने स्वतः आणून टाकली. "येतो न्यायला" म्हणाला, आणि न नेलेल्या कपड्यांच्या दांडीमागे ती अजून उभी आहे. आता मागतेस तू, आणि वर म्हणतेस त्याला सांगू नका. हे कुठल्या नियमात बसवायचं?

पण तू रडतेस हे वाचून कामात लक्ष लागेना. विचार करते. तोवर फळी स्वच्छ करून ठेवते. केवढी कळकट झालीय! वरून नुसता चिकट मळ, बोट लावलं तर बोट निघत नाही. माझ्या दुकानातून घाणेरडा माल आजवर बाहेर गेलेला नाही.

आता आशीर्वाद.

आई


१६ फेब्रुवारी

आई,

घाईत लिहिते. तुमचं पत्र आज मिळालं. पाया पडते, बोर्ड साफ करू नका! तो मळ नाही, मेण आहे. पाय घसरू नये म्हणून मुद्दाम चोळतात. जसं आहे तसं राहू द्या.

आणखी एक. बोर्डाला उष्णता सोसत नाही. आत फोम असतो, वर पातळ कडक कवच. बंद गाडीत तापला तरी कवच आतून सुटतं आणि फोड येतो. म्हणून तुमच्या बॉयलरपासून लांब ठेवा. बॅगेलासुद्धा हवा खेळायला जाळी हवी. फिन, म्हणजे खालचे माशासारखे पर, काढून वेगळे गुंडाळायचे आणि बॅग बोर्डापेक्षा चार बोटं लांब घ्यायची, फार घट्ट नको, फार सैल नको. मोजा विसरून जा, त्याचा आपल्याशी काही संबंध नाही.

तुमच्या भीतीवर सविस्तर नंतर लिहीन. मलाही भीती वाटते. पण हा गल्ल्यावर बसून जसा झालाय ना, तसा तुम्ही त्याला पाहिला नाहीत.

तुमची सून


१७ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, कारण आज मी खूश आहे. फळी चकाचक!

आधी साबणाने घासली, मग सोड्याने घासली. ढिम्म. मग बोटाला लागलेल्याचा वास घेतला, तर मेण! अगं, मेणाचे डाग काढणं म्हणजे माझ्या हातचा मळ. जन्म गेला लोकांच्या टेबलांवरच्या कपड्यांतून मेणबत्त्या उतरवण्यात. वर टिपकागद घालायचा, त्यावरून गरम इस्त्री फिरवायची, मेण कागदात उतरतं. कागदांमागून कागद गेले. अख्खी फळी टोकापासून शेपटीपर्यंत इस्त्री करून काढली. मधेच घंटी वाजली, एक बाई पडद्यांच्या घडीवरून हुज्जत घालत उभी राहिली, आणि तेवढा वेळ इस्त्री फळीवर टेकलेली राहिली. तिथे जरासं फुगलंय, इस्त्रीच्याच आकाराचं. दाबलं की पुक् करतं. वाळलं की बसेल.

मग कोटांना घालतो तशी प्लॅस्टिकची लांब पिशवी चढवली, खालीवर चिकटपट्टी लावली, आणि ओल राहायला नको म्हणून बॉयलरच्या खोलीत उभी केली. आता दमट हवेची भीती नाही.

खोळही आणली. मोजा आणला. निळा आहे, पांढऱ्या पट्ट्यांचा, फळीला शोभेल. विक्रेती म्हणाली, "घरी ठेवायला हाच पुरे." मला ते "घरी ठेवायला" फार आवडलं. प्रवासाला चालेल का विचारलं तर म्हणाली, अजिबात नाही. आता तू म्हणशील, मग घेतलाच कशाला? ते मला सांगता येत नाही. हातात धरला आणि घेऊन आले.

शाबासकी दे.

आई


२२ फेब्रुवारी

आई,

काकांच्या कारखान्यातच पत्र उघडलं. इस्त्री? आई, इस्त्री?

"पुक् करतं" वाचून दाखवलं तर काकांनी कपाळाला हात लावला. कवच सुटलंय. ते वाळून बसत नसतं. आधी त्या बॉयलरच्या खोलीतून बोर्ड बाहेर काढा, आत्ताच्या आत्ता, आणि ते प्लॅस्टिक फाडून फेका.

एक विचारायचंय. विचारू नये हे कळतंय, पण पोटात राहत नाही. मी प्रवासाची बॅग मागितली, तुम्ही घरी ठेवायचा मोजा घेतलात. मी थांबा म्हणायच्या आत इस्त्री फिरली. आणि तो पाण्यात जात नाही याचं बरं वाटलं, हे तुमच्याच अक्षरात माझ्यासमोर आहे. आई, हे तुम्ही मुद्दाम केलंत का?

राहू द्या तो बोर्ड. घाला त्याला मोजा आणि ठेवा घरी.

सून


९ मार्च

सूनबाई,

मुद्दाम?

लोकांचे लग्नातले कोट सांभाळले मी, कुणाच्या बटणाला धक्का लागला नाही. भांडणारी गिऱ्हाइकं खूप भेटली, पण मुद्दाम केलंस असं मला कुणी म्हणालं नव्हतं. तुझं पत्र गल्ल्याच्या खाली फेकून दिलं. दुसऱ्या दिवशी वाकून काढलं आणि वाचलं. मग रोजच वाचायला लागले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

फळी बॉयलरच्या खोलीतून काढलीय. प्लॅस्टिक फाडलं. फोड बसला नाही. आता ती इस्त्रीच्या टेबलाशेजारी भिंतीला टेकून उभी असते, जाता-येता माझ्याकडे बघते.

तुला खरं उत्तर द्यावं म्हणून बसले, तर ते मलाच सापडेना. मेण मी चांगल्या मनाने काढलं, शपथेवर सांगते. पण ती पडदेवाली हुज्जत घालत होती, तेव्हा इस्त्री उभी करायला माझा हात गेला नाही. एरवी हा हात झोपेतसुद्धा इस्त्री उभी करेल. त्या दिवशी का नाही केली? विसरले? डोकं फिरलं होतं? की आतून कुणी म्हणालं, असू दे? मी मनाला खोदून खोदून विचारते आणि मन कानावर हात ठेवतं. माणसाला आपलंच मन कळू नये, तेही या वयात, ही काय तऱ्हा झाली!

तो मोजा परत करायला गेले होते. त्यांनी घेतला नाही. म्हणाले, ताणलेला आहे. मी घरी उगीचच त्यात हात घालून बघितला होता.

तूच सांग आता मी काय करू. भाजलेला माल मी गिऱ्हाइकाला दिलेला नाही कधी. ठेवून घ्यावा तर तुझं ते वाक्य खरं ठरतं. आणि ढब्बूला सांगू कुठल्या तोंडाने?

आई


१४ मार्च

आई,

माझं चुकलं. लिहिताना माझं पेन जरा जास्तच चुरुचुरु चाललं. तुम्ही रागावून दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तुम्ही उलट स्वतःलाच तपासत बसलात, त्याने मला फार वाईट वाटलं.

तुम्हाला तुमचं मन कळत नाही म्हणता, तर माझी गंमत ऐका. परवा दुकानात एक आजीबाई आल्या, तुमच्याच वयाच्या. बोर्ड भाड्याने घेतला, शिकवणाऱ्याबरोबर गेल्या, आणि पहिल्यांदाच बोर्डावर उभ्या राहिल्या तेव्हा असं काही ओरडल्या की अख्ख्या किनाऱ्याने मान वळवली. ढब्बूनेही वळवली. गल्ल्यावरून उठला. चालत चालत थेट पाण्यापर्यंत गेला. मी मागोमाग. एक बारकी लाट आली, त्याच्या चपला भिजल्या, आणि हा चटका बसल्यासारखा मागे फिरला.

आता ऐका. तो फिरला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. माझा! मी, जी त्याला पाण्यात ढकलायला निघालेय! हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला मुद्दाम केलंत का विचारणारी मी कोण? आपण दोघी एकाच माळेचे मणी.

काका म्हणतात, फोड आला म्हणून बोर्ड मरत नाही. कापायचा, आत रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट रस, भरायचं, वर जाळीदार कापड चढवून पुन्हा रेझिन, मग घासायचं. ढब्बू हे काम त्यांच्याकडेच शिकलाय. पण त्याला हे सांगणार कोण, आणि सांगून तो हात लावेल का, मला काही कळत नाही.

तुम्हाला पटेल ते करा. पाठवा, नाहीतर ठेवा. मला काय हवंय ते मलाच धड सांगता येत नाही. खरं म्हणजे येतं. तो पाण्यात हवाय आणि सुखरूपही हवाय. एवढं एका बॅगेत मावतं का, त्या विक्रेतीला विचारून बघा.

तुमची सून


२ एप्रिल

सूनबाई,

विचारलं. म्हणाली, तशी अजून निघाली नाही.

म्हणून जी निघाली आहे ती पाठवलीय. प्रवासाची. तू पहिल्या दिवशी लिहिली होतीस तीच, तिसरी. त्या बाईला मी दुकान बंद व्हायची वेळ येईपर्यंत सोडलं नाही. फोम बोटाने दाबून बघितला, बोट काढल्यावर परत वर येतो तोच घेतला. टोकाला दुहेरी, शेपटीला दुहेरी. चेन न गंजणारी, तुमच्याकडे खारी हवा. बाजूला हवेची जाळी. एक चंदेरी खोळ होती, ऊन परतवणारी, तीच पसंत केली, काळी आतून तापते म्हणाली. तापण्याचं मी आता फार मनावर घेतलंय. पट्टा रुंद बघितला, खांद्याला रुतायला नको. घरी आणून उलटी केली तर शिवण दोन ठिकाणी कच्ची, ती मशीनवर पक्की केली.

पार्सल ढब्बूच्या नावाने, घरच्याच पत्त्यावर टाकलंय. काकांच्या आडून पत्रं पाठवायचा मला कंटाळा आला. पोराशी लपंडाव खेळायचं माझं वय नाही.

आई


८ एप्रिल

आई,

पार्सल आलं. पण हे काय?

मी कामावरून परतले तर हा जमिनीवर बसलेला, समोर ती चंदेरी बॅग, चेन टोकापर्यंत उघडलेली, खोलीभर पसरलेली. आणि आत काहीच नाही! मी ती उलटी करून झटकली, खिसे चाचपले, खोका पुन्हा पाहिला. मला वाटलं वाटेत कुणी बोर्ड काढून घेतला. तशीच पोस्टात गेले आणि तावातावाने भांडले. तिथले म्हणाले, ताई, वजनच पिशवीएवढं होतं. माझं तोंड एवढंएवढं झालं. आई, तुम्ही बोर्ड घालायला विसरलात?

घरी आले तर हा तसाच बसलेला. चेनला तुमच्या लाँड्रीची कापडी चिठ्ठी शिवलेली त्याला सापडली होती. ती त्याने मला वाचून दाखवली. "माल तयार नाही. जरा भाजलाय. ज्याचा त्याने येऊन न्यावा." मग मला विचारलं, "भाजलाय म्हणजे?"

सांगितलं सगळं. पहिल्या पत्रापासून. मेण, टिपकागद, पडदेवाली, पुक्. मला वाटलं आता हा चिडणार, दोघींवरही. तो म्हणाला, "आईने बोर्डाला इस्त्री केली?" आणि हसायला लागला. असा हसला की त्या बॅगेवरच आडवा झाला. कितीतरी महिन्यांनी ऐकलं मी ते हसणं. मीही हसले. हसता हसता कधी रडायला लागला ते कळलंच नाही. म्हणाला, "मी तिच्याकडे जात नव्हतो. ती माझ्याकडे बघेल आणि तिला सगळं कळेल, म्हणून जात नव्हतो."

आज सकाळी तो निघाला. रिकामी बॅग खांद्याला लावून, आत काकांकडचे रेझिनचे डबे आणि कापड. बसवाला म्हणाला, एवढी मोठी पिशवी आणि आत काय? हा म्हणाला, "परत येताना दाखवतो." मी विचारलं, बोर्ड आणणार, मग पाण्यात जाणार का? तर म्हणाला, "उद्या बघू." म्हणजे हो की नाही, मला काही पत्ता लागला नाही. तुम्ही बघा काय ते.

तुमची सून


१९ एप्रिल

सूनबाई,

विसरले नव्हते. फळी आत घातली होती, चेन ओढली होती, पट्टे आवळले होते. मग चेन उघडून बाहेर काढली. नियम म्हणजे नियम.

आला. गिऱ्हाइकासारखा काउंटरपाशी उभा राहिला, घंटी वाजवली, चिठ्ठी पुढे केली. "माल द्या." मी म्हटलं, "ओळख पटल्याशिवाय देत नाही." किती वाळलाय गं! तू खायला घालतेस ना? घालतेस, मला माहीत आहे. मी तिथेच धुवायच्या चादरींत तोंड खुपसलं, त्याला वाटलं मी चादरी मोजतेय.

फळी इस्त्रीच्या टेबलावर आडवी घेतली. त्याने फोड बघितला, दाबला, पुक् झालं, आम्ही दोघं हसलो. मग धारदार पात्याने कापला. मी डोळे मिटले. आत फोम जळून करपला होता. आपल्या हातून काय झालं ते तेव्हा नीट दिसलं. मी म्हटलं, "ढब्बू, मी मुद्दाम केलं की चुकून, मला ठाऊक नाही रे." तो खरवडत होता, थांबला नाही. म्हणाला, "खाली होतो ना तेव्हा मलाही वर कुठे आणि खाली कुठे ते कळत नव्हतं." मग सांगायला लागला. तुला सांगितलंय का ते माहीत नाही, म्हणून लिहिते. त्याला पाण्यात दिशाच राहिली नव्हती. सगळीकडे सारखंच. मी विचारलं, मग आलास कसा वर? म्हणाला, "पायाला बोर्डाची दोरी असते, आई. बोर्ड मोडला होता, पण अर्धा तुकडा दोरीला होता. तो ओढत होता तिकडे गेलो. तेच वर होतं."

सूनबाई, मी आजवर फळीच्या जातीलाच वैरीण समजत आले. हिच्याच एका बहिणीने माझ्या पोराला वर आणून सोडलं, आणि मी हिला चटका दिला. 

दुकानभर त्या रेझिनचा वास सुटला, दोन गिऱ्हाइकं कुरकुरली. त्यांना म्हटलं, आज मुलगा आलाय, नाक धरा. वर कापड चढवलं, घासून घासून गुळगुळीत केलं, पण इस्त्रीचा डाग खालून दिसतोच, तपकिरी, टोकदार. मी म्हटलं, पिवळा रंग मार. म्हणाला, राहू दे, पुढचा पाय नेमका तिथेच येतो.

मग खिशातून मेणाची वडी काढून माझ्या हातात दिली. "आता तूच लाव." मी! जिने जन्मभर मेण उतरवलं! गोल गोल चोळत टोकापासून शेपटीपर्यंत लावलं. सगळं काम उलटं चाललंय असं वाटत होतं, पण लावलं. फिन मोज्यात गुंडाळले, मोजा सत्कारणी लागला. फळी खोळीत घातली आणि या वेळी चेन मीच ओढली.

बसपर्यंत पोचवायला गेले. दार लागता लागता मी त्याला म्हटलं, "जा, उतर पाण्यात." म्हणजे मी म्हटलं असं मला वाटतं. इंजिन असं गुरगुरत होतं की आवाज बाहेर फुटला की आतच राहिला, मलाच कळलं नाही. बस चालू झाली होती. त्याने काचेतून हात हलवला, पण हात तर सगळेच हलवतात. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. त्याला विचार, आई काय म्हणाली ते ऐकू गेलं का? आणि मला लगेच कळव.

आशीर्वाद, दोघांना.

आई


२३ एप्रिल

आई,

तुमचं पत्र आज सकाळी दारातच मिळालं. ते घेऊन किनाऱ्यावर आले आणि वाळूत बसून वाचलं. आता त्याच पाकिटाच्या मागे लिहितेय, अक्षर वाकडं येतंय, कारण मी कागदाकडे बघत नाहीये. शेजारी तुमची खोळ पडलीय, चेन उघडी, रिकामी. तिच्यावर त्याच्या चपला आहेत.

तुमचा प्रश्न विचारायचा राहिलाय. तो पाण्यात आहे. बाहेर आला की विचारते.